कंबरदुखी आणि फोनवरचा वर्ग

शंकेखोर : तुमचा प्रस्ताव आधी मीच मांडतो, चुकला तर दुरुस्त करा. सिन्नरमध्ये ज्यांची कंबर, मान किंवा खांदे महिनोन्महिने दुखताहेत, त्यांच्यासाठी फोनवरून आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेचा, वर्ग चालवायचा. आठवड्यातून एकदा पडद्यावर जमायचे, श्वासाकडे आणि दुखऱ्या जागेकडे न घाबरता लक्ष द्यायला शिकायचे, आणि घरी रोज सराव करायचा. आता ज्यांचे दुखते ते लोक कोण, ते बघू. विड्या वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन सकाळपासून वाकून बसते. पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा, आणि मजुरी मिळणार ती हजारावर. मुसळगाव किंवा माळेगावच्या औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार पाळीभर यंत्रापुढे उभा असतो. कांदा लावायला आणि काढायला जाणारी मजूर बाई दिवसभर कमरेत वाकलेली असते. यांच्या दुखण्यात गूढ असे काही नाही. ते कामातून येते आणि रोज नव्याने येते. त्यावर तुमचा उपाय असा की, दुखण्याकडे बघायला शिका. बसण्याची उंची बदला, मधली सुट्टी वाढवा, हजारामागचा दर वाढवा, असा वर्ग कोणी काढत नाही. श्वासाचा काढतात, कारण श्वासाच्या आड कोणाचा धंदा येत नाही.

पुरस्कर्ता : कामाबद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे, पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मान्य नाही. आज लागलेला मार आणि वर्षानुवर्षे मुरलेले दुखणे ही शरीराच्या दृष्टीने एकच गोष्ट नाही. तीन महिन्यांच्या पलीकडे दुखणे टिकले की वैद्यकात त्याला जुनाट म्हणतात. अशा वेळी मूळ इजा भरून आलेली असली तरी मज्जासंस्था दुखण्याचे संदेश वाढवून पोचवत राहते, असे पुष्कळदा आढळते. त्यात भीतीची भर पडते. ‘आता वाकले तर चमक येईल’ म्हणून माणूस आखडतो, हालचाल कमी होते, स्नायू दुबळे होतात, झोप मोडते, आणि मोडलेल्या झोपेने दुखणे आणखी टोचते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हाही वेदना हा शरीराचा आणि भावनेचा मिळून एक अनुभव आहे, हेच कायम ठेवले. दुखणे हा मनाचा खेळ आहे, असा याचा अर्थ होत नाही. ते खरेच असते, पण त्याला एकाहून अधिक दारे असतात. एका दाराशी काम उभे आहे, हे खरे. दुसऱ्या दाराशी भीती आणि जागरण उभे आहे, आणि तिथे सजगता काही करू शकते. पहिले दार उघडेपर्यंत दुसरे बंद ठेवायचे, यातून त्या बाईला काय मिळते?

शंकेखोर : दारे किती हे नंतर बघू, दुसऱ्या दारातून खरोखर कोणी आत गेले आहे का, ते आधी सांगा. या सगळ्याची सुरुवात म्हणून 1979चे नाव घेतले जाते. अमेरिकेतल्या वुस्टर गावी, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जॉन कबाट-झिन यांनी असा वर्ग सुरू केला. 1982मध्ये त्यांनी 51 जुनाट वेदनेच्या रुग्णांचा अहवाल छापला. त्यांतल्या 65 टक्के लोकांचे दुखणे निदान एक तृतीयांशाने कमी झाले, असा आकडा त्यात आहे आणि तो आजही मिरवला जातो. पण त्या अभ्यासात तुलनेला दुसरा गटच नव्हता. माणूस उपचाराला जातो तो दुखणे सर्वांत जास्त असताना. त्यानंतर काहीही केले तरी ते थोडे उतरतेच. त्या उताराचे श्रेय श्वासाला द्यायचे की दिवसांना?

आणि आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण बघा. इगतपुरीला ज्यांच्यामुळे जगभरचे लोक विपश्यना शिकायला येतात, त्या सत्यनारायण गोयंकांना अर्धशिशीचा असा त्रास होता की मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. ब्रह्मदेशात 1955मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. डोकेदुखी घालवण्यासाठी येत असाल तर येऊ नका, असे सांगून गुरूंनी त्यांना आधी परत पाठवले. पुढे त्यांची डोकेदुखी गेली, ही गोष्ट सगळे सांगतात. आधीचा नकार मात्र कोणी सांगत नाही. ज्या परंपरेतून तुम्ही हे तंत्र उचलले, तिने ते दुखण्याचे औषध म्हणून द्यायला पहिल्याच दिवशी नकार दिला होता. आजही विपश्यनेच्या नियमावलीत लिहिलेले आहे की शारीरिक रोग बरा करणे एवढाच या साधनेचा हेतू कधीच नाही. मूळ दुकानदार जो माल त्या कामासाठी विकत नाही, तो तुम्ही त्याच कामासाठी विकायला निघालात.

पुरस्कर्ता : गुरूंच्या नकाराचा मी उलटा अर्थ लावतो. ‘दुखणे जावे’ या हट्टाने बसलेला माणूस दर दोन मिनिटांनी ते गेले का हे तपासत राहतो, आणि तपासण्याने ते वाढते. सजगतेच्या वर्गातही पहिल्या दिवशी हेच सांगतात की दुखणे घालवणे हे इथले काम नाही. मात्र गोयंकांच्या अर्धशिशीचा मी पुरावा म्हणून उपयोग करणार नाही, आणि 1982च्या अहवालाचाही नाही. एका माणसाचे बरे होणे ही कथा असते. तुलनेचा गट हवा, हे तुमचे बरोबर आहे. तो 2016च्या चाचणीत आहे. जुनाट कंबरदुखीच्या 342 रुग्णांना चिठ्ठ्या टाकून तीन गटांत वाटले. एकाला सजगतेचे शिक्षण, दुसऱ्याला विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी मानसोपचाराची पद्धत, तिसऱ्याचे चालू होते तेच उपचार. 26 आठवड्यांनी रोजच्या हालचालीत जाणवेल इतकी सुधारणा पहिल्या गटात 60.5 टक्के, दुसऱ्यात 57.7 टक्के, आणि तिसऱ्यात 44.1 टक्के लोकांत झाली. तुम्ही म्हणता तो दिवसांचा उतार त्या 44 टक्क्यांत मोजून झालेला आहे. त्यावरची वाढ शिक्षणाची.

तो वर्ग समोरासमोरचा होता, असे तुम्ही म्हणाल. म्हणून 2024चीही सांगतो. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत 811 जणांवर झालेल्या चाचणीत वर्ग पडद्यावरच होता. एका गटाने तो एकत्र जमून केला, दुसऱ्याने आपापल्या सवडीने, आणि तिसऱ्याचे नेहमीचे उपचार चालू राहिले. वर्षभराच्या मोजणीत दोन्ही सजगता गट नेहमीच्या उपचारांपेक्षा बरे ठरले. आपापल्या सवडीने करणारेही मागे पडले नाहीत.

शंकेखोर : किती बरे ठरले, तेही सांगा ना. दुखण्यामुळे कामात, चालण्यात, झोपेत किती अडथळा येतो याला 0 ते 10 गुण. एकत्र वर्गाचा फरक सरासरी 0.4चा, सवडीने करणाऱ्यांचा 0.7चा. एक गुणाचा फरक झाला तर माणसाला तो जाणवतो, असे साधारण धरतात. म्हणजे आठ आठवडे मेहनत करून सरासरीने जाणवण्याच्या अलीकडेच थांबलो. 2016च्या चाचणीचेही दोन वर्षांनंतरचे मोजमाप झाले आहे. त्यात सजगता गट आणि नेहमीच्या उपचारांचा गट यांत ठामपणे सांगता येईल असा फरक उरला नव्हता. आणि तुम्ही शंभरातले 60 सांगता. माझ्या हिशेबाने शिक्षणाच्या नावावर जमा होतात ते शंभरातले 16. बाकीचे 44 तसेही सुधारले असते आणि 40 सुधारलेच नाहीत. हे 16 मी फेकून देत नाही. पण जाहिरातीत ‘वेदनामुक्त व्हा’ असे छापणाऱ्यांनी हा आकडा कधी छापल्याचे मी पाहिलेले नाही.

पुरस्कर्ता : तसे छापणाऱ्यांची वकिली मी करणार नाही. पण ज्या तराजूत तुम्ही सजगता तोलता, त्यातच बाकीच्या वस्तूही टाका. कंबर धरली की पहिली हाताशी येते ती पॅरासिटामॉलची गोळी. 2014मध्ये ऑस्ट्रेलियात सोळाशेहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत, नव्याने उठलेल्या कंबरदुखीत ती गोळी आणि औषध नसलेली नकली गोळी यांत बरे व्हायला लागलेल्या दिवसांचा फरक पडला नाही. सुजेवरच्या वेदनाशामक गोळ्या थोड्या काम करतात, पण वर्षानुवर्षे घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात. ‘दुखतंय, एक इंजेक्शन मारा’ हा तर आपल्याकडचा राजमार्ग. या क्षेत्रात मोठा परिणाम देणारे काहीच नाही. आहेत ते सगळे लहान लहान परिणाम. मग त्यांतला जो मूत्रपिंडाला धक्का लावत नाही, तो का नाकारायचा? शिवाय सरासरी 0.7 म्हणजे प्रत्येकाला 0.7 नव्हे. त्याच चाचणीत 30 टक्के किंवा अधिक सुधारणा होण्याची शक्यता दोन्ही सजगता गटांत जास्त होती. काहींना काहीच मिळत नाही, काहींना पुष्कळ मिळते. ते काही कोण, हे आधी कळत नाही, एवढीच अडचण.

शंकेखोर : अडचण एवढीच नाही. त्या 342 जणांची आणि त्या 811 जणांची आधी तपासणी झालेली होती. त्यांच्यामागे एक आरोग्यसेवा उभी होती. आपल्याकडे फोनवर नाव नोंदवणाऱ्या बाईचा मणका कोणी पाहिला आहे? आपल्या मुलखात कंबरदुखीमागे मणक्याचा क्षयरोग असू शकतो. रात्री वाढणारे दुखणे, बारीक ताप, घटलेले वजन, पायाला मुंग्या, लघवीवरचा ताबा सुटणे, ही लक्षणे असतील तर श्वासाकडे बघण्यात गेलेले आठ आठवडे म्हणजे आठ आठवड्यांचा उशीर. शांतपणे दुखण्याचे निरीक्षण करायला शिकलेली बाई दवाखान्यात आणखी उशिरा जाईल, ही माझी खरी भीती आहे.

पुरस्कर्ता : इथे मी तुमच्यापुढे हार मानतो, आणि आनंदाने. प्रत्यक्ष हात लावून तपासल्याशिवाय नाव नोंदवायचे नाही, ही अट पहिली. ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलता येते, पण मणक्यावर बोट दाबून बघता येत नाही. म्हणजे वर्गाचे दार आरोग्य केंद्रातूनच उघडले पाहिजे. आणखी एक गोष्ट सांगतो, जी अॅप विकणारे सांगत नाहीत. 2024च्या चाचणीतला जो सवडीने करण्याचा गट सर्वांत चांगला ठरला, तोही एकटा सोडलेला नव्हता. अधूनमधून एक प्रशिक्षित माणूस फोन करून त्यांच्याशी बोलत होता. ऑनलाइन म्हणजे माणसाविना, असा अर्थ या पुराव्यातून निघत नाही. काहींना डोळे मिटून बसल्यावर जुने आघात वर येतात, धडधड वाढते. त्यांनाही विचारणारे कोणी हवे. राज्यात टेलि-मानसची 14416 ही मराठीतही बोलणारी सेवा 2022पासून आहे. मन फारच अस्वस्थ झाले तर जायला तो एक रस्ता आहे.

(दोघांच्या मधे पडून एक नोंद करायला हवी. येथवर दोघेही ‘नेहमीचे उपचार’ हे शब्द असे वापरत आले की जणू ते सगळीकडे सारखेच असतात. ज्या चाचण्यांचे आकडे त्यांनी दिले, तिथे या शब्दांत नोंद ठेवणारा डॉक्टर, फिजिओथेरपी, विमा असे बरेच काही बसते. इथे त्या शब्दांत काय बसते, तेही बघायला हवे. विडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा 1976चा. विड्यांवरच्या उपकरातून त्यांचे दवाखाने चालायचे. 2017मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर गेला. या वादाला ही पार्श्वभूमी आहे आणि तिच्याकडे दोघांपैकी कोणाचेही पुरेसे लक्ष नाही.)

शंकेखोर : आता वेळेचा हिशेब करू, कारण हजारावर मजुरी मिळणाऱ्याला वेळ म्हणजे पैसा ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. मूळ अभ्यासक्रमात रोज पाऊण तास सराव, आठवड्याचे सहा दिवस. आठ आठवड्यांचे 36 तास झाले, वर्ग वेगळे. एवढ्या तासांत वळून झालेल्या विड्यांची मजुरी कोण भरून देणार? आणि फोन कोणाचा? 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका 38 टक्के होत्या आणि पुरुष 61 टक्क्यांच्या वर. आता आकडे वाढले असतील, पण घरातला चांगला फोन कोणाच्या खिशात असतो, हे काही बदललेले दिसत नाही. डेटा स्वस्त झाला. दोन खोल्यांच्या घरात अर्धा तास कोणी हाक न मारण्याची हमी स्वस्त झाली नाही.

पुरस्कर्ता : हा आक्षेप ऑनलाइनच्या विरुद्ध वाटतो, पण तो मला ऑनलाइनकडेच नेतो. घोटीमार्गे गेले तर इगतपुरी सिन्नरहून फार लांब नाही. 1976पासून तिथे शिबिरे भरताहेत, आणि दहा दिवसांचे शिक्षण, राहणे, जेवण यांचे शुल्क घेत नाहीत. तरी विडी वळणाऱ्या किती बायका तिथे गेल्या असतील? फुकट शिबिराची किंमत दहा दिवसांची मजुरी आणि दहा दिवसांचे घर एवढी असते. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला विपश्यनेसाठी रजेची सोय आहे, हिला नाही. तेव्हा या तंत्राचे मोठे केंद्र आपल्या जिल्ह्यात असून ते तिच्यापासून जितके दूर आहे, तितके दूर अमेरिकेतल्या सैनिकापासूनही नाही. ते तिच्याकडे यायचे तर तुकड्यातुकड्यांनी यावे लागेल: दहा मिनिटे सकाळी, दहा रात्री, ध्वनिफीत, साध्या फोनवरही चालेल अशी. आपल्या शाळांत ‘मित्र उपक्रम’ म्हणून मुले दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष देतात. त्यांच्या आयांना तेवढे जमणार नाही असे मी धरून चालत नाही.

शंकेखोर : जमेल. पण आपल्या बायकांना न जमणारे असे काय आहे? सोसण्याचे शिक्षण त्यांना लहानपणापासून आहे, त्याला अॅप लागलेले नाही. माझा मूळ आक्षेप इथे आहे, बाकीचे हिशेब त्याच्या काठाचे. दुखणे हे एक साक्षीपुरावाही असते. या पद्धतीने काम केले तर शरीर मोडते, असे ते सांगत असते. त्या साक्षीची धार तुम्ही बोथट केली तर बाई आणखी पाच वर्षे त्याच पाटावर, त्याच वाकलेल्या पाठीने बसेल, आणि ती आता शांत झाली आहे असे कारखानदार सांगेल. वसाहतीतल्या एखाद्या कंपनीने हा वर्ग मोफत सुरू केला तर त्याचा खर्च नव्या स्टुलांपेक्षा कमी येईल. तेव्हा स्टुले येणार नाहीत. यात कोणी दुष्ट असण्याची गरज नाही, हिशेब जाणणारा असला की पुरे.

पुरस्कर्ता : सोसणारी बाई काय करते? दात आवळते आणि लक्ष दुसरीकडे वळवते. सजगता नेमके उलटे करायला सांगते: लक्ष तिथेच न्या, कुठे दुखते, केव्हा दुखते, काय केल्यावर वाढते, ते बघा. जी बाई ‘सगळं अंगच दुखतं’ म्हणत होती, तिला महिनाभराच्या सरावाने सांगता येऊ शकते की दुपारनंतर डावा खांदा भरून येतो आणि सूप गुडघ्यावर टेकवले की कमी होतो. तुमच्या साक्षीला याने धार येते, ती बोथट होत नाही. ‘कंबर दुखते’ या तक्रारीला मुकादम हसतो. या कामाला, या तासाला, या हालचालीत दुखते, असे पन्नास बायकांनी एकसारखे सांगितले तर ती कामाच्या रचनेची नोंद होते.

शंकेखोर : होऊ शकते. पण तुमच्या आठ आठवड्यांत ती नोंद जमा करण्याची जागा कुठे आहे? तिथे तर शिकवतात की जाणवले, पाहिले, सोडून दिले. नोंद करायची तर सोडून देता येणार नाही. एकाच सरावात दुखण्याबद्दल तटस्थ राहायचे आणि त्याच दुखण्याची तक्रार घेऊन उभे राहायचे, हे दोन्ही एका बाईने एका वेळी करायचे, असे तुम्ही मागताय.

पुरस्कर्ता : रात्री झोपताना तटस्थ, सकाळी संघटनेच्या बैठकीत ठाम. माणसे यापेक्षा अवघड कसरती रोज करतात. पण तुमच्या बोलण्यातले एक मी घेतो. वर्गात ती जागा नाही, आणि ती असली पाहिजे. आठ आठवड्यांतला एक आठवडा शरीराच्या निरीक्षणातून कामाच्या बदलांची यादी करण्यासाठी ठेवायचा. वर्ग कारखान्याच्या पैशाने नव्हे तर आरोग्य केंद्रातून चालवायचा. आणि ती यादी बायकांच्याच हातात ठेवायची.

शंकेखोर : मग तो त्या चाचण्यांतला वर्ग उरणार नाही. इतका वेळ ज्या 0.7च्या आधारावर तुम्ही उभे होता, तो आधार तुम्ही आत्ताच सोडलात. नव्या वर्गाला नवा आकडा लागेल.

पुरस्कर्ता : काढू या. सिन्नरमध्येच काढू.

शंकेखोर : एका बाजूला तुमचा वर्ग ठेवाल, मान्य. दुसऱ्या बाजूला ‘नेहमीचे उपचार’ म्हणून काय ठेवणार? मेडिकलमधून सुट्ट्या घेतलेल्या गोळ्या, कंबरेचा पट्टा, बाम आणि अधूनमधून एक इंजेक्शन? त्याच्यापुढे कोणीही मायेने केलेला फोनसुद्धा जिंकेल, आणि जिंकले ते काय, श्वास की फोन, हे तुम्हाला सांगता येणार नाही. आणि मी सांगतो तसा तिसरा गट ठेवलात, ज्यांना वर्ग काहीच नाही, फक्त बसायला नीट उंचीची जागा आणि दर तासाला दहा मिनिटांची भरपगारी सुट्टी, तर त्या गटाचा खर्च द्यायला कोण पुढे येईल, ते मला सांगा.

पुरस्कर्ता : तिसरा गट ठेवायलाच हवा. पैसे कोण देईल, ते मला आत्ता सांगता येत नाही.